दिवसाची बाटली

दुपारी तीनला पाच मिनिटं असताना वहीतली शिल्लक शून्यावर आलेली होती, आणि बाटलीत औषध होतं. त्यात नवल काही नव्हतं. दिवसाच्या बाटलीत शेवटी थोडं उरायचंच. गेली एकोणीस वर्षं उरत आलं होतं, आणि एकोणीस वर्षं कपाटबाई ते बेसिनमध्ये ओतून, वर नळ सोडून, बाटली उपडी घालून मोकळ्या होत आल्या होत्या. कंपनीवाले बाटलीत वरकड घालतात हे त्या खात्यात सगळ्यांना ठाऊक. दोनशे एमएल लिहिलेल्या बाटलीत दोनशे तीन निघतात, कारण एकशे नव्याण्णव निघाले तर कंपनीच्या गळ्याला फास. पण परवा वरून परिपत्रक आलं आणि वहीत एक नवा रकाना वाढला. शिल्लक शून्य झाल्यावर बाटलीत प्रत्यक्ष किती उरलं ते मोजून लिहायचं, मग त्याची विल्हेवाट. कुणा रिकामटेकड्याच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही, असं म्हणून बाईंनी ते परिपत्रक फायलीला लावलं होतं, आणि आज पहिल्यांदाच त्या रकान्यापाशी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी पन्नासचं काचेचं मोजपात्र घेतलं, बाटली तिरकी धरली. तीन लिहायचेत असं धरून पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं. औषध तीनपाशी थांबलं नाही. दहाची रेघ गेली, वीसची गेली, आणि ते दाटसर, पण पाण्यासारखंच दिसणारं मॉर्फिन संथपणे चढत चढत बरोबर तीसच्या रेघेवर येऊन उभं राहिलं. कमी पडलं असतं तर काय करायचं हे त्यांना पाठ होतं. जास्त झालं तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

कपाटबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. इस्पितळाच्या औषधखोलीत भिंतीत पक्कं केलेलं एक लोखंडी कपाट होतं, कपाटाच्या आत आणखी एक कपाट, आणि दोन्हीच्या किल्ल्या दिवसभर बाईंच्या कमरेला. दार उघडलं की वर तांबडा दिवा लागायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं की आत्ता आत माणूस आणि औषध एकत्र आहेत. ज्या औषधाची सरकारला धास्ती ते या कपाटात. दिवसाची बाटली वेगळी, रात्रीची वेगळी, दोन्हींची पानं वेगळी. एका बाटलीला दोन हात लागले तर चूक कुणाच्या गळ्यात घालायची, हा त्यामागचा विचार. सकाळी सात, अकरा आणि दुपारी तीनचे डोस बाई मोजून द्यायच्या. संध्याकाळी सातला रात्रपाळीवाला येऊन पुढचे तीन. सिस्टर चिठ्ठी घेऊन यायची, बाई मोजायच्या, सिस्टर बघायची, दोघी सही करायच्या. बघायची म्हणजे काय, घड्याळाकडे बघायची. वॉर्डात चाळीस माणसं तिच्या नावानं हाका मारत असताना ती काचेवरची रेघ कशाला बघेल?

"बाई, तीनचा डोस!" खिडकीतून सिस्टरचा हात आत आला, चिठ्ठीसकट. "टेलरबाई. पाच एमएल. आणि लवकर द्या हं, चादरीवरचे टाके फार वाढलेत."

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"थांबा? तुम्ही?" सिस्टर हसली. "सूर्य कुठे उगवला आज?" एवढ्यात वॉर्डातून घंटा वाजली आणि ती "दहा मिनिटांत आले" म्हणत पळाली. खिडकीच्या कट्ट्यावर चिठ्ठी राहिली. तांबडा दिवा जळत होता. बाई मोजपात्राकडे बघत उभ्या होत्या, आणि आता विचार न करून चालणार नव्हतं. ही बाटली कधी उघडली? पान उलटायची गरजच नव्हती, सगळं एकाच पानावर होतं: एकाखाली एक चाळीस ओळी, पाच, पाच, पाच, पाच. पेशंट एकच. सध्या वॉर्डात हे औषध घेणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे तीन कंपनीचे वजा केले तर सत्तावीस एमएल टेलरबाईंचे. चाळीस वेळा पाच लिहिलं आणि चाळीस वेळा पाच दिलं नाही. औषधखोली तेरा दिवस जिथल्या तिथे होती, फ्रिज त्याच जागी घूं घूं करत होता, आणि दर वेळी पाऊण एमएल, त्याहून किंचित कमीच, बाईंच्या डोळ्यांदेखत बाटलीत मागे राहत होतं.

नाही, असं होणं शक्य नाही, असं म्हणून त्यांनी पाचचं छोटं मोजपात्र नळाखाली धरलं. पाणी ओतलं, रेघेपर्यंत आणलं, थांबल्या. ते बारीक मापाच्या नळीत ओतून पाहिलं: चार पूर्णांक तीन. पुन्हा ओतलं. चार तीन. तिसऱ्यांदा चार पूर्णांक दोन. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत, पात्र छातीशी आहे आणि आपण वरून बघतो आहोत. वरून बघितलं की पाणी असतं त्याहून वर दिसतं, हे कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाई गुडघ्यांत वाकल्या, पात्र कट्ट्यावर ठेवलं, डोळे रेघेच्या पातळीला आणले आणि ओतायला लागल्या. पाणी रेघेच्या खाली होतं, स्वच्छ दिसत होतं की खाली आहे, आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी मनात म्हटलं, अजून. हात हलला नाही. मनगटाच्या खालच्या बाजूला दोन बोटं टेकलेली होती. आपलं मनगट कुणी धरलं तर आपण खाली बघतो, तसं त्यांनी खाली बघितलं. तिथे कुणाची बोटं असणार? खोलीत त्या एकट्याच होत्या. पण ती बोटं त्यांना ओळखीची होती, आणि ज्यांची होती ते गृहस्थ जाऊन आठ वर्षं झाली होती.

म्हातारे साहेब. बाई इथे नव्यानं लागल्या तेव्हा किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. माणूस देवभोळा नव्हे, कायदेभोळा. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना एक गोष्ट सांगितली, आणि मग दर आठवड्याला सांगितली. त्यांच्या बरोबरीचा एक जण, गरीब, नाकासमोर चालणारा. त्याच्या हातून चार एमएल फरशीवर सांडले. पुसून टाकले बिचाऱ्यानं. तपासणीत चार कमी निघाले. सांडले म्हणाला. साक्षीदार कोण? कुणी नाही. अकरा महिने आत. बाहेर आला तेव्हा बायको माहेरी आणि नोकरी दुसऱ्याला. "सांडलेलं कुणी परत मोजून देत नाही, पोरी," साहेब म्हणायचे, "म्हणून आपण आधीच हात राखून ओतायचं. कमी पडलं तर तुरुंग. उरलं तर नळ सोडायचा. कळलं?" आणि ती ओतायला लागली की मनगटाखाली दोन बोटं टेकवून, रेघेच्या आधी अलगद उचलायचे. बस्स. पुरे. महिनाभर उचलत होते. मग उचलायची गरज राहिली नाही. भीती डोक्यातून हातात उतरली आणि डोकं ती विसरूनही गेलं. बाई स्वतःला फार काटेकोर समजत. एकोणीस वर्षांत एक थेंब कमी नाही, हे त्या पाहुण्यांनासुद्धा सांगत. रात्रपाळीवाला एकदा थट्टेनं म्हणाला होता, "माझ्या बाटलीत चमचाभर उरतं, तुमच्या बेसिनला मात्र रोज मेजवानी." त्यावर त्या हसल्या होत्या. हसल्या होत्या!

आणि मग जे येणार होतं ते आलं. ते इतका वेळ दाराबाहेर उभं होतं आणि बाई त्याच्याकडे पाठ करून पाणी मोजत होत्या. अकरा वर्षांपूर्वी, याच वॉर्डात, बाबा. हाडांत पसरलेलं दुखणं. दिवसा त्यांच्याजवळ बाई, रात्री दादा. बाईंनी स्वतः मोजायचं, स्वतः कप घेऊन जायचं, स्वतः पाजायचं. वडिलांचं औषध त्या दुसऱ्या कुणाला कशाला नेऊ देतील? बाबा दिवसभर कण्हायचे. दात आवळून, लेकीला वाईट वाटू नये म्हणून आवाज दाबून. "आज उतरत नाही गं," म्हणायचे. ती म्हणायची, "बाबा, डोस तोच आहे. मीच मोजलाय." आणि एक दिवस त्यांनी तिचा हात धरून, अगदी चूक कबूल केल्यासारखं, सांगितलं: "रागावू नकोस. पण तू गेलीस ना, की बरं वाटतं." दादा रात्री यायचा तेव्हा ते शांत झोपायचे. शेवटचे नऊ दिवस बाई त्यांच्या पलंगाशी बसल्या नाहीत. कप सिस्टरच्या हाती पाठवायच्या आणि औषधखोलीत बसून राहायच्या. बाबा गेले ते दुपारी, तेव्हाही त्या इथेच होत्या, भिंतीच्या या बाजूला. दादाशी त्या पुढे नीट बोलल्याच नाहीत. तेराव्यानंतर त्याला म्हणाल्या होत्या, "तुझ्याजवळच बरं वाटायचं त्यांना, तूच ठेव त्यांचं सगळं." तो बिचारा काय बोलणार! त्याला कुठे ठाऊक होतं की रात्रीचा कप भरलेला असतो.

बाईंना रडू आलं नाही. रडू यायला माणूस एका जागी असावा लागतो. त्या कट्ट्याशी वाकलेल्याच होत्या, आणि सिस्टर खिडकीत येऊन "अहो बाई, काय हरवलं?" म्हणाली तेव्हा त्या उठल्या, नवी बाटली काढली, सील तोडलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, आज तुम्ही मोजा. मी बघते."

"नियमात बसतं का ते?"

"नाही बसत. मोजा."

सिस्टरनं पात्र कट्ट्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर सारला, खाली वाकून रेघेशी डोळा लावला आणि पाच एमएल ओतलं. इतकं सोपं होतं. तिनं पात्र उचलून उजेडात धरलं आणि तिचा चेहरा जरासा बदलला. "आज जास्त दिसतंय हो," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "पाचच आहे. चला, मीही येते." कपाट बंद झालं, तांबडा दिवा विझला. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच त्या वॉर्डात निघाल्या होत्या. वाट एवढीशी, एका भिंतीला वळसा.

टेलरबाई खिडकीपाशी होत्या. एवढीशी बाई, उशीत बुडालेली. त्यांचा उजवा अंगठा आणि पहिलं बोट चादरीच्या काठावर चालत होतं. सुई नाही, दोरा नाही, पण टाका घालायचा, ओढायचा, पुढचा घालायचा. दुखणं चढलं की टाके वाढायचे. वॉर्डात सगळ्यांना ही खूण ठाऊक होती आणि काही जण त्यावर हसतही. आता बोटं इतकी भरभर चालत होती की काठ कुठून कुठे गेला ते दिसत नव्हतं. घशातून एक बारीक, एकसुरी आवाज येत होता. सिस्टरनं कप ओठांना लावला. टेलरबाईंनी घोट घेतला, थांबल्या, जिभेवर फिरवला आणि डोळे उघडले. "हे रात्रीचंय," त्या म्हणाल्या.

"नाही हो, तीनचाच डोस."

"रात्रीचा घोट तोंडभर असतो. दिवसाचा जिभेवरच संपतो. मी सांगितलं होतं डॉक्टरांना." सिस्टरनं बाईंकडे पाहून हलकेच मान हलवली, म्हणजे हे असंच चालायचं, मनावर घेऊ नका. तिनंच नंतर दाराशी सांगितलं: डॉक्टरांनी ते लिहूनही ठेवलंय, औषधाच्या मापाबद्दल भ्रम म्हणून. आणि त्याखाली: रात्री शांत झोप, दिवसा माणसांच्या वावरात कण्हणं, औषधाची मागणी. खऱ्या दुखण्याला रात्र वैरी असते, दिवस नव्हे. हिचं उलटं, म्हणजे हे दुखणं कमी आणि सवय जास्त. तिच्या लेकीलाही त्यांनी समजावलं, आईच्या बोलण्यानं हळवं होऊ नका. ती आधी रोज दुपारी यायची. आता येत नाही. एकदा म्हणाली म्हणे, आई, किती खोटं बोलशील गं. आज पाच वाजता परवान्याचा कागद वर जाणार. या औषधाचा परवाना पंधरा दिवसांचा असतो. डॉक्टरांनी गरज आहे लिहिलं तर वाढतो. डॉक्टर गरज नाही लिहिणार.

बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. पंचवीस मिनिटं झाली असतील. टाके संथ झाले, मग एक टाका अर्धवट ओढलेला राहिला आणि बोटं उघडली. बारीक आवाज थांबला, आणि तो थांबला तेव्हा बाईंच्या डोक्यात दुसरं काहीतरी थांबलं. त्या तशाच औषधखोलीकडे परत गेल्या आणि दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. फ्रिज घूं घूं करत नव्हता. फ्रिज चालू होता, आतला दिवा लागत होता, बाटल्या थंडगार होत्या. पण गेले तेरा दिवस भिंतीशी जी घुरघुर होती ती गेली होती. त्यांनी गेल्याच आठवड्यात मेकॅनिकला बोलावलं होतं. त्यानं फ्रिज पुढे ओढला, कान लावला, म्हणाला, "बाई, फ्रिज ठणठणीत आहे. आवाज येतोय खरा, पण याचा नाही." बाईंनी त्याला वेड्यात काढलं होतं. भिंतीपलीकडे खिडकीपाशीचा पलंग होता. अकरा वर्षांपूर्वीही फ्रिज असाच घुरघुरायला लागला होता. तेव्हा तर त्यांनी नवा मागवला, आणि नवा आला त्याच आठवड्यात आवाज थांबला, तेव्हा त्या किती खूश झाल्या होत्या. बाईंनी हात भिंतीवर ठेवला. भिंत गार होती. त्यांना वाटलं, आता आपण ओरडू. पण ओरडण्याची सवय त्यांना नव्हती, म्हणून त्या फक्त "बाबा" एवढंच म्हणाल्या, भिंतीला.

चारला डॉक्टर आले. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खिशात सदा फुटकी गोळ्यांची पाकिटं. टेलरबाईंना दिवसाउजेडी झोपलेलं बघून त्यांनी सिस्टरला म्हटलं, "बघा! मी काय सांगत होतो? दुखणं उतरलंय. आता परवान्याची काही गरज नाही." घ्या! पूर्ण माप दिलं म्हणून बाई झोपली, आणि झोपली म्हणून तिचं औषध बंद. बाईंना कळून चुकलं की उद्यापासून नीट मोजू, झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणायची सोय उरलेली नाही. टेलरबाईंना उद्या उरलाच नव्हता. त्यांनी डॉक्टरांना बाहीला धरून औषधखोलीत नेलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या डॉक्टरला हात लावला नव्हता. कट्ट्यावरचं मोजपात्र दाखवलं आणि सगळं सांगितलं: तीस एमएल, वरून बघणं, चार पूर्णांक तीन. साहेबांची बोटं आणि बाबा मात्र सांगितले नाहीत.

डॉक्टरांनी आधी दार लावलं. "लिहिलंय का वहीत?"

"अजून नाही."

"मग तीन लिहा." त्यांचा आवाज खाली आला. "ऐका माझं. तीस लिहिलंत तर आजच्या आज कपाटाला सील लागेल. चौकशी होईपर्यंत, म्हणजे कमीत कमी तीन दिवस, एक थेंब बाहेर निघणार नाही. दुसऱ्या इस्पितळातून मागवायचं तर परवान्यावर नवा शिक्का, त्यालाही तीन दिवस. आणि तुमचं काय होईल ते देव जाणे. तीन लिहा, बाकीचं बेसिनमध्ये. मी गरज आहे म्हणून लिहितो, परवाना वाढतो, तुम्ही नीट मोजा. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"आणि तुम्ही लिहिलंय ते? सवय, भ्रम?"

"ते राहू दे. आता खोडलं तर का खोडलं ते सांगावं लागेल. कोण वाचतंय?"

माणूस वाईट नव्हता. बाईंना तर तो त्या क्षणी देवासारखा वाटला. सगळ्यांचंच भलं होत होतं. पेशंटला औषध, त्यांना नोकरी, इस्पितळाला अब्रू; ताकास तूर लागणार नव्हती. त्यांनी पेन उचललं. रकाना कोरा होता. तीन लिहायला किती वेळ लागतो? पण वाचणारी एक होती, टेलरबाईंची लेक, आणि तिला ते डॉक्टरांनीच समजावून सांगितलेलं होतं. बाई म्हणाल्या, "मी टेलरबाईंना विचारून येते." डॉक्टर "अहो, असं पेशंटला विचारतात का?" म्हणेपर्यंत त्या भिंतीला वळसा घालून गेल्यासुद्धा.

टेलरबाई जाग्या होत्या. चेहरा धुतल्यासारखा. बाई स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्यानंच बोलल्या, आणि कशीही सुरुवात केली. म्हणाल्या, औषध मी मोजते. दिवसाचं. ते कमी होतं. तेरा दिवस कमी होतं. तुम्ही बरोबर होतात.

बाईंना वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंही वाटलं. टेलरबाई फार हळू म्हणाल्या, "म्हणजे दुखत होतं?"

"हो."

"खरंच दुखत होतं? मी नाटक करत नव्हते?" त्यांची बोटं चादरीवर आली आणि तिथेच थांबली. "सगळे म्हणायला लागले ना, की मलाच वाटायला लागलं. दिवसभर कण्हायचं आणि मग आपणच विचारायचं, बये, हे तुझं खरं का गं? आपल्याच अंगाला खोटं पाडायचं." त्यांनी तोंडावर हात धरला. त्या रडत होत्या का हसत होत्या ते कळेना. "लेक म्हणाली मला, आई, किती खोटं बोलशील."

मग बाईंनी दोन्ही वाटा सांगितल्या. तीन लिहिले तर काय, तीस लिहिले तर काय. काही लपवलं नाही. तीन दिवस, किंवा जास्तही. टेलरबाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "तीन दिवस काहीच नाही? साध्या गोळ्या?" साध्या गोळ्या होत्या, त्यांनी काही होत नाही हे दोघींना ठाऊक होतं. टेलरबाईंनी डोळे मिटले. त्यांना भीती वाटत होती, ती दिसत होती, गळ्याची शीर उडत होती. "किती दिवस राहिलेत माझे?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मला नाही माहीत. "फार नाहीत," टेलरबाईच म्हणाल्या. "उगाच तीन दिवस कशाला वाया घालवायचे, असं वाटतं एकदा. आणि मग वाटतं, मी गेल्यावर तो कागद राहील. लेकीच्या डोक्यात राहील. सोसते. लिहा तुम्ही. तीस लिहा."

"पुन्हा विचार करा, मावशी."

"विचार केला की मी नको म्हणेन," टेलरबाई म्हणाल्या. "म्हणून आत्ताच जा."

बाईंनी तीस लिहिलं. शेऱ्यात लिहिलं की कंपनीच्या वरकडीखेरीजचं औषध पेशंटला कमी दिल्यामुळे उरलं, मापाची चूक मोजणाऱ्याची, पेशंटची तक्रार खरी. खाली सही केली. डॉक्टरांनी ते वाचलं, वही मिटली, आणि वॉर्डातून फाइल आणून स्वतःच्या ओळींवर रेघ मारली. शेजारी वेळ आणि सही. मग परवान्याच्या कागदावर गरज आहे असं लिहिलं आणि म्हणाले, "लेकीला फोन करतो." त्यांचे कान लाल झाले होते. बाईंनी आकडा वर कळवला, आणि सहाला वरच्या खात्याचा तपासनीस आला. सौम्य, पोक्त गृहस्थ, बाईंना ताई म्हणाला. त्यानं किल्ल्या मागून घेतल्या, कपाटाला कापडाची पट्टी लावली, लाख वितळवून चार ठिकाणी ठसे उमटवले. तीस एमएल एका बाटलीत भरून, त्यावरही लाख लावून, पिशवीत घातलं. "ते तिचं आहे," बाई म्हणाल्या. "तिचेच सहा डोस आहेत. तिला देता येणार नाहीत?" तपासनीस खरंच वाईट वाटलेल्या आवाजात म्हणाला, "ताई, पुराव्याला हात लावता येत नाही." निघताना त्यानं विचारलं की तुमच्याआधी किल्ल्या कुणाकडे होत्या, आणि बाईंनी नाव सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "अरे वा, नावाजलेला माणूस. त्यांच्याकडे कधी एक थेंब कमी निघाला नाही."

रात्रपाळीवाला सातला आला आणि बंद कपाटासमोर नुसता बसून राहिला. बाईंना घरी जायला हरकत नव्हती, उलट जाच असं सांगितलं होतं. त्या वॉर्डात गेल्या. तीनच्या डोसाचा अंमल उतरला होता. टेलरबाईंची बोटं चालत नव्हती. दोन्ही हातांनी त्यांनी पलंगाचा लोखंडी गज धरला होता आणि त्या मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं ओरडत होत्या. सिस्टर त्यांना गप्प करत नव्हती. आजूबाजूच्या पलंगांवरून कुणी कूस बदलून पाठ फिरवत नव्हतं. लेक आधीच येऊन पोहोचली होती, ऑफिसच्याच कपड्यांत, खांद्याची पर्सही काढलेली नव्हती. तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला होता. "दुखतंय?" तिनं विचारलं, आणि आई ओरडण्याच्या मध्येच म्हणाली, "हो गं." लेकीनं मान हलवली. "हो," ती म्हणाली. "हो, आई. दुखतंय."

मग तिनं वर पाहिलं. बाईंच्या कमरेला आता किल्ल्या नव्हत्या, पण पांढरा कोट होता. "त्या तुम्हीच का?"

"हो."

बाईंना वाटलं, ती आता आपल्याला बाहेर काढील, आणि त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला ते हवंही होतं; बाहेर काढलं की जाता येतं, भिंतीच्या पलीकडे. लेकीनं पायानं स्टूल ओढलं आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, आईच्या तोंडाशी, सरकवलं.

"तीन दिवस," ती म्हणाली. "इथेच बसायचं. उठायचं नाही."

कपाटबाई बसल्या.